आपणहून घेतलेल्या कामाचे ऋण

गेल्या वर्षी सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी आम्ही आमच्या भाच्यासह उज्जैनच्या रामघाटावर होतो. त्याच्या वडिलांना जाऊन वर्ष उलटले होते आणि श्राद्धासाठी तो बंगळूरहून मुद्दाम आला होता. तर्पण आटोपले, पिंड क्षिप्रेत सोडले, आणि रिवाजाप्रमाणे पंडाजींनी गाव व आडनाव विचारले. गाव धार, हे सांगताच त्यांनी लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्यांतून एक काढली आणि थोड्या शोधाशोधीनंतर एक पान आमच्यापुढे धरले. १९२१ च्या सिंहस्थात आलेल्या भाच्याच्या पणजोबांची नोंद तिथे होती. मोडीत, त्यांच्या स्वतःच्या हातची. बरोबर कोण आले, घरी मुले किती, त्यांची नावे काय, एवढाच मजकूर. आम्हांला तो अडखळत वाचता आला. भाच्याला एक अक्षरही लागले नाही. त्याखाली आजोबांची नोंद, देवनागरीत. त्याखाली कोरी जागा.

पंडाजींनी लेखणी पुढे केली. भाच्याने ती हाती घेतली, पण लगेच लिहिले नाही. त्याने विचारले, "पंडाजी, ही वही सांभाळा असं तुम्हांला कोणी सांगितलं?"

पंडाजी हसले. त्यांच्या माळवी हिंदीतले उत्तर मराठीत असे होते : "वडिलांनी दिली म्हणून माझ्याकडे आली. माझा मुलगा इंदूरला नोकरीत आहे. तो घेईल की नाही, सांगता येत नाही. नाही घेतली तर भाऊबंदांत कोणाला तरी नीट समजावून देईन. पण नदीत सोडणार नाही."

आपल्यापैकी बहुतेक घराण्यांना या वह्या अपरिचित नाहीत. राणोजी शिंद्यांच्या काळात कोणी फौजेबरोबर, कोणी दफ्तराबरोबर माळव्यात आले. १८१० च्या सुमारास दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली तरी मागे राहिलेली घरे इथलीच झाली. ज्यांच्या घरातील कागदपत्रे वाळवीने खाल्ली वा वाटणीत हरवली, त्यांना पणजोबांचे नाव अशाच एखाद्या वहीत सापडले आहे. तेव्हा वहीची थोरवी आम्ही इथे नव्याने सांगत बसत नाही. भाच्याच्या प्रश्नाने आम्हांला ज्या विचारात टाकले, तो वाचकांपुढे ठेवावा एवढाच हेतू आहे.

भाचा संगणक-अभियंता आहे. पोटापाण्याची नोकरी आठवड्याचे पाच दिवस. पण नऊ वर्षे रविवारची सकाळ त्याने एका निराळ्याच कामाला वाहिलेली होती. मुक्त सॉफ्टवेअरच्या एका सार्वजनिक सूचीतील सुमारे दोनशे नोंदी तो सांभाळत होता. हे काम नेमके काय, हे आम्हांला त्या दिवसापर्यंत उमगले नव्हते. पुष्कळ वाचकांचीही तीच स्थिती असेल म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

संगणकाला काय करायचे हे सांगणाऱ्या आज्ञांचा मूळ मजकूर ज्यात कोणालाही वाचता येतो, सुधारता येतो आणि दुसऱ्याला देता येतो, ते मुक्त किंवा ओपन सोर्स सॉफ्टवेअर. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी या विचाराचा पाया घातला आणि १९८५ मध्ये त्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. आज बँकांच्या संगणकांपासून आपल्या खिशातील फोनपर्यंत सर्वत्र या मुक्त मजकुराचा काही ना काही अंश असतो. परंतु असंख्य लोकांनी असंख्य ठिकाणी लिहिलेल्या या राशीतून हवे ते शोधायचे कसे, आणि सापडलेच तर त्यावर भरवसा ठेवायचा कसा? म्हणून सूची. स्टॉलमन यांच्या प्रतिष्ठानाने अशी एक सूची १९९९ मध्ये सुरू केली. २०११ पासून तीत स्वयंसेवकांना स्वतः नोंदी करता येऊ लागल्या. त्याहून विस्तृत काम डेबियन या मंडळीचे. इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९३ मध्ये ते सुरू केले. इथे नुसती नावांची यादी नसते. प्रत्येक सॉफ्टवेअरचा संच, ज्याला पॅकेज म्हणतात, तपासून वापरण्याजोगा करून ठेवलेला असतो. जून २०२३ मध्ये आलेल्या त्यांच्या बाराव्या आवृत्तीत अशी ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस होती, आणि ती सांभाळणारे जवळजवळ सारे जगभर विखुरलेले स्वयंसेवक. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांचा वार्षिक मेळावा आपल्या कोचीत भरला होता. असे लोक आपल्या माळव्यातही निपजले आहेत. 'रवी रतलामी' या नावाने परिचित असलेल्या रविशंकर श्रीवास्तव यांनी विद्युत मंडळाच्या नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि रतलामसारख्या गावी राहून लिनक्सवरील सॉफ्टवेअर हिंदीत आणण्याचे काम वर्षानुवर्षे केले.

आता एका नोंदीला काय लागते ते पाहा. नाव, कर्ता, उपयोग, ताजी आवृत्ती, ते चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजेस हवीत, आणि सर्वांत किचकट म्हणजे परवाना. सॉफ्टवेअर मुक्त आहे असे कर्त्याने पहिल्या पानावर लिहिले म्हणून भागत नाही. आतील एकेक फाइल उघडून, कोणी दुसऱ्याचा बंदिस्त मजकूर त्यात घातला नाही ना, हे पाहावे लागते. नोंद एकदा केली म्हणजे संपले असेही नाही. आवृत्त्या बदलतात, पत्ते बदलतात, कर्ते कंटाळतात, कधी वारतात. क्षिप्रेचेच उदाहरण घ्या. रामघाटाशी पाणी राहावे म्हणून २०१४ पासून नर्मदेचे पाणी उपसून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडले जाऊ लागले. घाटावर बुडी मारणाऱ्याला फक्त पाणी दिसते; दूर कोठेतरी पंप चालू आहेत हे त्याच्या ध्यानीही येत नाही. सूचीचेही तसेच. वाचणाऱ्याला नोंद दिसते, आणि ती आज खरी आहे यामागे कोणाची तरी रविवारची सकाळ आहे, हे दिसत नाही.

वहीत नाव लिहून झाल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलो. समोर दत्त आखाड्याचा काठ, मध्ये मंद पाणी. भाचा म्हणाला, "मामा, मला ते सूचीचं काम सोडायचं आहे. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे असते, मुलगी तीन वर्षांची आहे. रविवार उरतच नाही. आणि चार दिवस उशीर झाला की अनोळखी माणसांची रागावलेली पत्रं येतात. पण सोडायचं म्हटलं की चोरी केल्यासारखं वाटतं. मला कोणी नेमलं नव्हतं, कोणी पैसे देत नाही. मग असं का वाटावं? आणि सोडणं खरंच चूक आहे का?"

वरवर पाहता प्रश्न लहान आहे. पण सार्वजनिक काम करणाऱ्या आपल्या प्रत्येक मंडळात, वाचनालयात, गणेशोत्सवात तो कोणी ना कोणी मनातल्या मनात विचारलेला आहे. जे काम कोणी सांगितले नव्हते, ते सोडण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

याची दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले असे : ज्याने वचन दिले नाही, त्याला बंधन नाही. दान देणाऱ्याने आज दिले म्हणून उद्याही द्यावे, असा हक्क याचकाला उत्पन्न होत नाही. डेबियनच्या मंडळींनी १९९८ साली स्वीकारलेल्या आपल्या घटनेत हे तत्त्व स्पष्टच नमूद केले आहे : या नियमांमुळे कोणावरही काम करण्याची सक्ती उत्पन्न होत नाही; सोपवलेले कामही ज्याला करायचे नसेल त्याने करू नये; मात्र या नियमांच्या आणि त्यांनुसार रीतसर झालेल्या निर्णयांच्या विरोधात मुद्दाम काम करू नये. हजारो कामे ज्यांच्या भरवशावर चालतात, त्यांनी आपल्या घटनेत बळजबरीचा लवलेश ठेवू नये, यात एक मोठे शहाणपण आहे. सक्तीने आलेला स्वयंसेवक हा वेठबिगारच.

दुसरे उत्तर आपल्या संस्कारांतून येते. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. नियत कर्म मोहाने सोडले तर तो त्याग तामस, शरीराला कष्ट होतात म्हणून सोडले तर राजस. या मापाने भाच्याचा त्याग राजस ठरेल आणि त्याला कष्ट सोसून काम करीत राहण्याचा उपदेश करावा लागेल. पण इथे एक पेच आहे. गीतेत विचार चालला आहे तो नियत कर्माचा, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेल्या कर्माचा. पंडाजींची वही हे त्यांचे नियत कर्म खरे : ती वडिलांकडून आली, तिच्याबरोबर यजमान आले, दक्षिणा आली, समाजातील स्थान आले. भाच्याच्या वाट्याला असे काहीच आले नव्हते. त्याने ते काम एका रविवारी, आवड म्हणून, स्वतः उचलले होते. उलट आई आणि मुलगी हेच त्याचे नियत कर्म म्हणता येईल, आणि मग याच अध्यायाच्या आधारे सूचीच त्याला सोडावी लागेल. तेव्हा नुसते धर्मवचन पुढे करून प्रश्न सुटत नाही.

आम्ही तिथे त्याला काही उत्तर देणार, तोच आमचीच एक जुनी गोष्ट आठवली आणि आम्ही गप्प राहिलो. ती लिहिणे सुखाचे नाही, पण ती वगळली तर हा लेख अप्रामाणिक होईल.

१९९४ मध्ये आम्ही एका जुन्या मराठी ग्रंथसंग्रहाची सूची करण्याचे काम हौसेने हाती घेतले. कोणी सांगितले नव्हते. पुस्तके धुळीत पडली होती म्हणून वाईट वाटले, इतकेच. सात वर्षे जमेल तसे काम केले, सूचीच्या प्रती चार-दोन ठिकाणी पाठवल्या, लोकांनी कौतुकही केले. २००१ नंतर संसाराच्या धबडग्यात ते मागे पडले. थांबलो असे कोणाला सांगितले नाही. उद्या पुन्हा बसू असे स्वतःलाच सांगत राहिलो. मधल्या काळात संग्रहाचे एक कपाट पावसाने भिजले आणि बरीच पुस्तके गेली. पुढे एका उन्हाळ्यात खांडव्याहून एक विद्यार्थिनी आमच्या दारी आली. तिच्या प्रबंधाला लागणारा एक दुर्मीळ ग्रंथ आमच्या सूचीत होता. कपाटात तो नव्हता. ती पाणी प्यायली, "हरकत नाही काका" म्हणाली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. तिच्या त्या 'हरकत नाही'ने आम्हांला जे शिकवले ते कोणत्याही नीतिग्रंथाने शिकवले नव्हते. आम्ही सूची केलीच नसती तर तिची एक खेप वाचली असती. आमच्या हातून घडलेले सत्कार्यच तिला फसवून गेले होते.

इथे आम्हांला प्रश्नाचे मूळ सापडल्यासारखे वाटते. वचनातून बंधन उत्पन्न होते हे खरे, परंतु बंधन उत्पन्न होण्याची तेवढीच एक वाट नाही. रामघाटाशी कोणी बुडू लागला, तर काठावरच्या प्रत्येकाने उडी मारलीच पाहिजे असे म्हणता येणार नाही; ज्याला पोहता येत नाही त्याने मारूही नये. पण एकाने उडी मारली, बुडणाऱ्याचा हात धरला, आणि 'तो गेला आहे ना' असे म्हणून काठावरचे इतर पोहणारे जागीच थांबले, तर आता मध्यधारेत हात सोडण्याचा अधिकार त्याला राहिला नाही. त्याने कोणाला शब्द दिला नव्हता. तरीही त्याच्या कृतीने दोन गोष्टी घडल्या : एकाने त्याच्यावर भार टाकला, आणि इतरांनी आपला भार काढून घेतला. सूचीचे असेच होते. एक माणूस नोंद सांभाळतो म्हणून हजारजण स्वतः तपासणे सोडून देतात, आणि दुसरा कोणी ती नोंद करायला पुढे येत नाही. ज्या विश्वासावर लोक विसंबले, तो विश्वास हेच ऋण.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. असे असेल तर भले काम सुरू करणारालाच शिक्षा झाली. जो काठावर स्वस्थ बसला तो मोकळा, आणि जो पुढे झाला तो जन्मभराचा बांधला गेला. हे कळल्यावर कोण कशाला पुढे होईल? आम्हांला वाटते, याचे उत्तर ऋणाचे माप नीट घेण्यात आहे. बुडणाऱ्याला काठापर्यंत आणणे, किंवा दुसऱ्या पोहणाऱ्याला हाक मारून त्याच्या हाती तो हात देणे, एवढेच त्या माणसाकडे लागते. आयुष्यभर नदीत उभे राहणे लागत नाही. तसे सूचीकाराचे देणे हे अखंड सेवेचे नाही. त्याचे देणे एवढेच की विसंबलेल्या माणसाला अंधारात ठेवू नये. मी दमलो, मी थांबतो, असे म्हणण्यात दोष नाही. थांबलो असताना चालू असल्याचे दिसू देणे, यात दोष आहे. आमचा दोष नेमका हाच होता.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाचा अलीकडचा इतिहास पाहिला तर सोडण्याच्या नाना तऱ्हा तिथे दिसतात आणि त्यांची फळेही. मार्च २०१६ मध्ये एका कार्यकर्त्याने नावावरून झालेल्या वादात रागावून आपली सारी पॅकेजेस सार्वजनिक भांडारातून काढून घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाचे जेमतेम अकरा ओळींचे एक पॅकेज होते. त्यावर विसंबलेली जगभरची हजारो कामे काही तास अडून पडली. मजकूर त्याचाच होता, राग कदाचित रास्तही असेल. परंतु त्याने हात सोडला तो मध्यधारेत.

दुसरी तऱ्हा याच्या उलट. २०१८ साली 'इव्हेंट-स्ट्रीम' या पॅकेजचा कर्ता, जो ते स्वतः कित्येक वर्षे वापरतही नव्हता, त्याच्याकडे एका अनोळखी माणसाने ते सांभाळायला मागितले. त्याने देऊन टाकले. घेणाऱ्याने त्यात लोकांचे आभासी चलन चोरणारा मजकूर घातला. ओझे उतरवण्याच्या घाईत ते कोणाच्या डोक्यावर ठेवतो आहोत, हे पाहिले गेले नाही.

तिसरी हकिकत सर्वांत मन विषण्ण करणारी. 'एक्सझेड' हे माहिती दाबून लहान करणारे सॉफ्टवेअर. लिनक्सच्या असंख्य संगणकांत ते असते. एकच मनुष्य ते वर्षानुवर्षे, विनामोबदला, सांभाळत होता. २०२२ मध्ये काही पत्रलेखकांनी त्याच्यावर संथपणाचा ठपका ठेवून, काम दुसऱ्याकडे सोपवावे असा तगादा लावला. आपली मानसिक प्रकृती बरी नसते आणि हा आपला बिनमोबदल्याचा छंद आहे, हे त्याने मोकळेपणाने लिहिले. त्याच सुमारास मदतीला आलेल्या एका सज्जन भासणाऱ्या व्यक्तीवर त्याने हळूहळू विश्वास टाकला. त्या व्यक्तीने दोन-अडीच वर्षे इमाने काम केले आणि २०२४ च्या आरंभी आत एक चोरदरवाजा बसवला. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे खटकले. त्याने मागे लागून शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी हे जगजाहीर केले. अर्ध्या सेकंदाची चुकामूक झाली असती तर काय ओढवले असते, याची कल्पना करवत नाही.

या शेवटच्या प्रकरणात दोष द्यायचा तो चोराला. परंतु त्या एकाकी माणसाला पत्रे पाठवणारे सोडले, तरी बाकीचे जग काय करीत होते? मोठमोठ्या कंपन्या त्याच्या कामावर उभ्या होत्या, आणि तो दमला आहे हे त्याने सांगूनही पुरेशा कोणाला ऐकू आले नाही. तेव्हा ऋण एकाच बाजूला नाही. जो विसंबतो, त्याच्याही वाट्याला काही देणे येते. पंडाजींना यजमान दक्षिणा देतो. ती वहीच्या सांभाळाची किंमत म्हणून कोणी मोजत नसेल, पण तिच्यामुळे वही टिकली हे नाकारता येणार नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीला दक्षिणा नसते म्हणून आपण ती पाण्यासारखी वापरतो. निदान सांभाळणाऱ्याची चौकशी करावी, त्याच्याशी बरे बोलावे, आणि जमल्यास दोन नोंदी आपल्याकडे घ्याव्यात, एवढे तर विसंबणाऱ्याला करता येईल.

आता या तऱ्हांच्या शेजारी दोन चांगली उदाहरणे ठेवू. १९९७ मध्ये सुरू झालेली 'फ्रेशमीट' नावाची सॉफ्टवेअरची सूची एके काळी फार वापरात होती. पुढे तिचे नाव 'फ्रीकोड' झाले. जून २०१४ मध्ये ती थांबली, तेव्हा यापुढे नवी नोंद होणार नाही हे चालकांनी सूचीच्या माथ्यावरच लिहिले आणि जुन्या नोंदी वाचण्यासाठी तशाच ठेवल्या. वाचणारा फसला नाही. डेबियनमध्ये तर याची रीतच आहे. ज्याला पॅकेज सांभाळणे जमत नाही, त्याने ते 'अनाथ' म्हणून जाहीर करायचे. किंवा तोवर सांभाळीत राहून 'कोणी दत्तक घ्या' अशी विनंती नोंदवायची. अशा अनाथांची यादी सर्वांना दिसेल अशी ठेवलेली असते. आणि जे काहीच न सांगता नाहीसे होतात, त्यांची विचारपूस करणारी एक वेगळी तुकडी आहे. ती पत्र पाठवून विचारते : आपण आहात ना? जमत नसेल तर सांगा. ज्या घटनेने कोणावर सक्ती केली नाही, तिच्याच छायेत ही रीत वाढली, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. सक्ती नसल्यामुळेच सांगण्याची लाज उरली नाही, आणि लाज उरली नाही म्हणून खोटे दाखवण्याचे कारणही उरले नाही.

आपल्या संस्थांतून हे किती कमी घडते! चिटणीस वीस वर्षे तोच. तो थकतो, पण बोलत नाही, कारण बोलला तर पळपुटा ठरेल. इतर जण विचारत नाहीत, कारण विचारले तर काम गळ्यात पडेल. मग एके दिवशी तो अंथरुणाला खिळतो आणि दप्तर कोणाच्या कपाटात आहे हेही कोणाला ठाऊक नसते. समर्थांनी महंताने आपल्यासारखे आणखी महंत तयार करावेत असा जो आग्रह धरला, तो मठ वाढवण्यापुरता नसावा. एका खांद्यावरचे काम त्या खांद्याबरोबरच चितेवर जाते, हे त्यांनी पाहिले असले पाहिजे. पंडाजींच्या वहीला वंश आहे. स्वयंसेवकाच्या कामाला वंश नाही. त्याला वारस जन्मत नाही, हुडकावा लागतो, शिकवावा लागतो आणि पारखावा लागतो. हे सारे हातात थोडे बळ उरले असतानाच करावे लागते. म्हणून अगदी असह्य होईपर्यंत काम ओढणे ही निष्ठा वाटली, तरी तिच्यात सोपवण्याची वेळ निघून जाते.

त्या सकाळी पायऱ्यांवर आम्ही भाच्याला एवढेच सांगितले : "सोड. पण सांगून सोड, आणि कोणाच्या हाती देतोस ते पाहून सोड. घ्यायला कोणी नसेल तर 'इथे कोणी नाही' असं लिही. पंडाजी काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"समजावून देईन," तो म्हणाला.

रामघाटावर धर्मराज-चित्रगुप्ताचे देऊळ आहे. परतताना आम्ही तिथे हात जोडले. चित्रगुप्ताला निवृत्ती नाही, रजा नाही, मुलीचे आजारपण नाही. त्याची वही कधी शिळी होत नाही. माणसाच्या वहीचे तसे नाही, आणि तसे नाही हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

पुढे भाच्याचे पत्र आले. त्याने तीन महिन्यांची मुदत जाहीर केली. दोनशे नोंदींपैकी शंभरेक नोंदी दोघा नव्या मंडळींनी घेतल्या. त्यांना त्याने लगेच सर्वाधिकार दिले नाहीत. प्रत्येकाच्या पहिल्या वीस नोंदी स्वतः तपासून पाहिल्या. उरलेल्या नोंदींच्या माथ्यावर अखेरच्या तपासणीची तारीख आणि 'सांभाळणारा हवा' ही सूचना आहे. त्या अजून तशाच आहेत. कोणी येईल, कदाचित येणारही नाही. पण तिथे जाणारा फसणार नाही. रविवारी तो मुलीला घेऊन बागेत जातो, असेही पत्रात होते.

आम्हीही त्यानंतर एक दिवस त्या जुन्या ग्रंथसंग्रहात गेलो. आमच्या सूचीची प्रत अजून मेजाच्या खणात होती. कोणी कोणी ती वापरत असल्याच्या खुणा पानांवर होत्या. वेष्टनावर आम्ही शाईने लिहिले : 'ही सूची २००१ नंतर तपासलेली नाही. काही ग्रंथ आता उपलब्ध नाहीत. पुढे चालवू इच्छिणाऱ्यास माहिती देण्यास आम्ही तयार आहोत.' खाली नाव आणि तारीख घातली. ज्या ज्या ठिकाणी प्रती पाठवल्या होत्या, तिथेही तशी पत्रे धाडली. चोवीस वर्षांनी का होईना, पण थांबलो ते सांगितले.